सांध्यांवरून जाणारा घाट

रोह्याहून कोलाडच्या दिशेने निघाले की धाटाव लागते. औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या, फाटकांबाहेर उभे टँकर आणि त्यांच्या आसपास वाढत गेलेली स्लॅबची घरे. या घरांच्या दर्शनी भिंतीवर, जिन्याच्या वळणावर, ओट्याच्या कडेला, कधी तुळशीवृंदावनाच्या अंगावरही टाइल्स असतात आणि त्यांत एखादी ‘सीनरी’ हमखास निघते. सहा, आठ किंवा बारा टाइल्स जोडून केलेले चित्र: मागे डोंगर, पुढे दरी आणि डोंगरातून वळणे घेत वर गेलेला रस्ता. झाडे मात्र देवदाराच्या जातीची, शिखरावर बर्फ, आणि रस्ता असा गुळगुळीत की त्यावर एकही दरड कधी कोसळलेली नसावी. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कुठल्या खिंडीचा फोटो संगणकातून निघून भट्टीपर्यंत पोचलेला असतो.

स्टेल्व्हिओचा रस्ता १८२५ मध्ये पुरा झाला. एका अंगाला ४८ वळणे, माथा २,७५७ मीटरवर. आपल्या बोरघाटातून चाकाची वाहने सुरळीत चालू लागली ती १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच पिढीचे. त्यातला एक जगभरच्या भिंतींवर जाऊन बसला. दुसरा, निदान माझ्या पाहण्यात, टाइलवर आलेला नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, सुकेळीची खिंड, भिसे खिंड ही सगळी धाटावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहेत. त्यांचीही गत तीच.

यावर चटकन सुचणारी तक्रार आपले सोडून परक्याचे का, ही. ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. टाइलवरच्या चित्राचा इतिहास उसनवारीनेच भरलेला आहे. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात काजार शहांच्या कारागिरांनी युरोपातली खेडी, पूल, चर्चे आणि नदीकाठ रंगवले. ज्यांनी ते रंगवले त्यांतल्या बहुतेकांनी युरोप पाहिलेला नसणार, समोर फक्त छापील चित्रे. उदयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या चिनी चित्रशाळेत डच टाइल्स बसवल्या आहेत आणि राजस्थानच्या उन्हात त्या परक्या वाटत नाहीत. आणखी जवळचे उदाहरण जपानी टाइल्सचे. १९२० आणि ३०च्या दशकांत जपानी कारखाने खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी उठावाच्या रंगीत टाइल्स काढत. त्यांवर कृष्ण असे, लक्ष्मी असे, आणि ते देव पुष्कळदा राजा रविवर्म्याच्या ओलिओग्राफवरून उतरवलेले असत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ डोक्यावर. तिथे छापलेले देव समुद्र ओलांडून जपानात गेले, भाजून, ग्लेझ चढवून परत आले आणि घरोघरी भिंतीत बसले. ज्या घाटातून त्या छापखान्याचे दगड आणि कागद वर चढले, त्या घाटाचे चित्र मात्र कुणाला काढावेसे वाटले नाही.

घाट ही आपल्याकडे इतरांना दाखवण्याची जागा राहिली आहे, स्वतः दिसण्याची नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते, प्रत्येकाच्या वर नाव. आज फक्त पावले उरली आहेत. व्यापाऱ्यांच्या तांड्याने वर चढताना राजाला पाहावे, ही त्यामागची योजना. चढण स्वतः चित्रविषय आहे असे तिथे कुणाच्या मनात आले नसावे. दोन हजार वर्षांनी खंडाळ्याच्या घाटात रेल्वे आली. १८५६ ते १८६३ या काळात बोगदे, पूल आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ. तिची चित्रे साहेबांनी काढली, छापली, विलायतेला नेली. आपल्याकडे त्याच घाटाची, वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा झाली, देऊळ झाले. चित्र झाले नाही.

तर परक्या घाटाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की धाटावच्या भिंतीवरचे ते चित्र टाइलवर आहे, हे त्या चित्राला माहीतच नसते.

टाइल म्हणजे कागदाचा तुकडा नव्हे. तिला चार कडा असतात आणि त्या कडांना शेजारी असतात. चित्र एका टाइलपुरते असो की शंभर टाइल्सचे, मधले सांधे दिसणारच. टाइलच्या चित्रकलेचा सगळा इतिहास, एका अर्थाने, या सांध्याचे काय करायचे याच्या उत्तरांचा इतिहास आहे. डच कारागिरांनी एक उत्तर शोधले. त्यांची टाइल साधारण १३ सेंटिमीटरची, मधोमध छोटे निसर्गचित्र: पवनचक्की, होडी, पुलावरचा माणूस. चार कोपऱ्यांत मात्र एकेक लहान नक्षी, अशी की चार टाइल्स जवळ आल्या की कोपऱ्यांचे मिळून एक पूर्ण फूल होते. चित्र टाइलच्या आत राहते, सांधा नक्षीचा होतो. पोर्तुगिजांनी दुसरे उत्तर काढले. अख्खी भिंत एकच चित्र धरायची, पण त्याला जड चौकट द्यायची, वेलबुट्टीची, कमानीची, म्हणजे सांध्यांची जाळी चौकटीच्या भूमितीत मिसळून जाते. तिसरे उत्तर आधुनिक काळातले. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये लखनऊच्या रवींद्रालयासाठी केलेले मातीच्या भाजलेल्या तुकड्यांचे भित्तिचित्र पाहावे. तिथे सांधा लपवलेला नाही, नक्षीत मुरवलेलाही नाही. तुकडा हेच चित्राचे एकक आहे. आकृती तुकड्यांतून जन्मते.

आता घाटरस्ता या तीन उत्तरांसमोर ठेवून पाहा. रस्ता ही सलग रेघ. ती एका टाइलमध्ये संपत नाही, म्हणून डच उत्तर चालत नाही. ती तिरकी जाते, सांध्यांना कापत जाते आणि प्रत्येक वळणावर दिशा बदलते, म्हणून चौकटीचे उत्तरही अर्धेच चालते. टाइलवर काढायला याहून अवघड विषय क्वचित असेल. आणि नेमका हाच विषय आपल्या बाजारात सर्वांत निष्काळजीपणे हाताळला जातो.

टाइलवरच्या निसर्गचित्राची उत्तम परंपरा आपल्याला शेजारी, गोव्यात पाहायला मिळते. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइल्सचे पट आहेत, लुईस द कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांचे. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे हे १९३५ चे काम. पोर्तू शहरातल्या साँव बेंतू स्टेशनचे सुमारे २०,००० टाइल्सचे दालन सजवणारा हाच तो. कोलासोचा हात सराईत आहे यात वाद नाही. पण मला त्याची कामे नेहमीच जरा जास्त नाटकी वाटली आहेत. तो टाइलला कॅनव्हास समजतो. जहाजे, पताका, झुंडी, सगळे तैलचित्रासारखे आणि जमीन मात्र पडद्यासारखी मागे टांगलेली. कोबाल्टच्या निळाईने ते सगळे एका सुरात बांधले नसते तर ते भपकेबाज झाले असते.

त्याच पोर्तुगालमधले दुसरे स्टेशन मला अधिक शिकवते. दोरू नदीच्या खोऱ्यातले पिन्यांव हे गाव आकाराने रोह्यापेक्षा लहानच. त्याच्या स्टेशनावर १९३७ मध्ये २४ पट बसवले गेले, आवैरू शहरातल्या आलेलुइया कारखान्यात भाजलेले. विषय कोणते? तेच खोरे. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पाडून केलेले द्राक्षांचे मळे, नदीचे वळण, टोपल्या वाहणारी माणसे. प्रवासी गाडीतून उतरतो आणि जे बाहेर आहे तेच भिंतीवर पाहतो. आणि त्या डोंगरांच्या पायऱ्या आडव्या आहेत म्हणून टाइलचे आडवे सांधे त्यांच्याशी भांडत नाहीत. हे चित्रकाराने मुद्दाम केले की आपोआप झाले, सांगता येत नाही. पण झाले आहे.

आपल्याकडे असे का झाले नाही, याचे उत्तर ‘परंपरा नव्हती’ असे देऊन भागत नाही. परंपरा तुकड्यातुकड्यांनी होती. बीदरच्या महमूद गवानच्या मदरशावर, म्हणजे १४७२ च्या इमारतीवर, इराणी धर्तीचे टाइलकाम अजून अंगाला चिकटून आहे. देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तिथे कैदेत होता, आणि त्या महालाचे नावच त्याच्या निळ्यापांढऱ्या टाइल्सवरून पडले. मुंबईत डोंगरीतली १८६० ची मुघल मशीद इराणी टाइल्सनी मढलेली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पायाखाली विलायती मिंटन टाइल्स. पण हे सगळे नक्षीकाम. दृश्य नाही, वेल आहे. वाट नाही, अक्षर आहे.

जिथे दृश्य येऊ शकले असते ती जागा मुंबईची सर जे. जे. कलाशाळा. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे मातीकामाची भट्टी चालली. सिंधी कुंभारांची ग्लेझची विद्या आणि अजिंठ्याच्या नकलांमधून घेतलेली नक्षी यांचा मिलाफ करून त्यांनी काढलेली भांडी विलायतेच्या प्रदर्शनांत वाखाणली गेली. बाहेरच्या आवारात त्याच काळात आणि पुढे जलरंगातले निसर्गचित्र फुलत होते. आबालाल रहिमान, एम. के. परांडेकर, सावळाराम हळदणकर: सह्याद्रीचा आणि कोकणचा उजेड या पिढ्यांनी कागदावर असा पकडला की पुढच्यांना तो नव्याने शोधावा लागला नाही. कागदावरची ती विद्या आणि भट्टीतली ती विद्या एकाच छपराखाली होत्या. त्यांची गाठ पडली नाही. निसर्गचित्रकाराला माती हलकी वाटली आणि मातीकाम करणाऱ्याला दृश्यचित्र म्हणजे बाहेरचे काम वाटले. कलाशाळेच्या विभागणीने केलेले हे नुकसान आजही भरून आलेले नाही.

पुढे आलेल्या स्टुडिओ पॉटरीनेही निसर्गचित्राला जवळ केले नाही. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझवर केलेले काम आणि कुंभारकाम करणाऱ्यांसाठी लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ यांना तोड नाही. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली ती योग्यच. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभे केलेले काम, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे कुंभारकाम प्रशिक्षण केंद्र (तेही चोर्ल्याच्या घाटापासून फार लांब नाही) ही सगळी आपली पुंजी आहे. पण या जगात भांडे श्रेष्ठ, अमूर्त भित्तिशिल्प मान्य, आणि टाइलवर काढलेला डोंगर म्हणजे पर्यटकांना विकायची वस्तू. हा भेद मला कृत्रिम वाटतो. गोव्यात ऑर्लंडो दे नोरोन्हा यांनी पोर्तुगालात शिकून येऊन हाताने रंगवलेल्या आझुलेजोचा, म्हणजे पोर्तुगीज धर्तीच्या टाइल्सचा व्यवसाय पुन्हा उभा केला. घरांवरच्या नावाच्या पाट्या, मारिओ मिरांडांच्या रेखाटनांच्या टाइल्स, सगळे त्यात आले. त्यातला बराच माल भेटवस्तूंच्या दुकानातला आहे हे खरे. पण त्यामुळे तिथे टाइल रंगवणारा हात जिवंत राहिला. आपल्याकडे कलावंतांनी नाक मुरडले, त्यामुळे सीनरी बाजाराच्या हवाली झाली.

बाजाराने तिचे काय केले ते आता पाहू. रायगडात टाइलचा धंदा परका नाही. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात सुरू झालेल्या भारत टाइल्सचा कारखाना उरणला निघाला. त्या फरशा सिमेंटच्या, भाजलेल्या नव्हेत, पण त्यांच्या रंगीत नक्षीने मुंबईच्या कितीतरी घरांची जमीन घडवली. १९५८ पासून भारतात असलेल्या एच अँड आर जॉन्सनने भिंतीच्या टाइल्सचा कारखाना पेणला उभारला. पुढे सगळा भार गुजरातेतल्या मोरबीने उचलला. आज देशातल्या बहुतांश टाइल्स तिथूनच येतात. तंत्रही बदलले. आधी चाळणीच्या जाळीतून एकेक रंग छापत, मग रबरी रुळांवरून, आणि स्पेनमध्ये २००० च्या सुमारास आलेले शाईचे डिजिटल यंत्र २०१० नंतर आपल्याकडे घरोघर नसले तरी कारखानोकारखानी झाले. यंत्राला जाळी लागत नाही, साचा लागत नाही. फोटो द्या, टाइल घ्या. म्हणून सीनरी स्वस्त झाली आणि म्हणून ती फोटो झाली.

या छपाईला मी सरसकट नावे ठेवणार नाही. संगमरवराची शीर, लाकडाची रेषा, जुनाट सिमेंटचे डाग ती इतके हुबेहूब काढते की हाताने तसे काढणे वेडेपणा ठरेल. पण घाट काढताना तिची दोन व्यंगे उघडी पडतात. पहिले रंगाचे. बाराशे अंशांच्या जवळ जाणाऱ्या भट्टीत टिकणारे रंग थोडेच. निळा कोबाल्टचा, तो सर्वांत भरवशाचा. टाइलवरची जगातली निम्मी निसर्गचित्रे निळी आहेत त्याचे मूळ तिथेच. तपकिरी लोखंडाचा आणि क्रोमचा, पिवळा प्रासिओडिमियमचा, काळा यांच्याच गणगोतातला. हिरव्यासाठी यंत्र निळ्या-पिवळ्याचे ठिपके शेजारी मांडते, आणि तो हिरवा मळकट निघतो. आता जुलैतला ताम्हिणी आठवा. तो सगळाच्या सगळा हिरवा आहे, आणि तो हिरवा एक नाही: भाताच्या रोपांचा पोपटी, कातळावरच्या शेवाळाचा काळपट, धुक्यातून दिसणाऱ्या कारवीचा राखाडी. बाजाराने बर्फाचा घाट पत्करला त्यामागे परदेशाची भूल आहेच, पण पांढरा आणि निळा भट्टीत बिघडत नाहीत हा हिशेबही आहे.

दुसरे व्यंग सांध्याचे. फोटो मोठा करून बारा तुकड्यांत कापला की कुठला सांधा कुठे येईल हे कुणी ठरवत नाही. वळणाचा नेमका टोकाचा भाग चार टाइल्सच्या कोपऱ्यावर येतो. तिथे ग्राउट भरले की रस्त्याच्या मधोमध पांढरे फुलीचे चिन्ह. कधी गाडी दोन टाइल्समध्ये विभागलेली, कधी पुलाचा खांब सांध्यात गडप. उत्तर म्हणून आता सांधा नसल्यासारख्या कडा घासलेल्या मोठ्या टाइल्स आल्या आहेत, दोन बाय चार फुटांच्या. त्याने प्रश्न सुटत नाही. फक्त टाइल नाहीशी होते आणि भिंतीवर फ्लेक्स लावल्यासारखे दिसते.

इथे गवंड्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या कलेचा शेवटचा कलावंत तो आहे आणि त्याचे नाव कुठे येत नाही. बारा टाइल्सच्या सीनरीत ओळंबा एका सुताने चुकला की रस्ता तुटतो. जो मिस्त्री चांगला असतो तो टाइल्स आधी जमिनीवर मांडून घेतो, मागच्या बाजूला खडूने आकडे टाकतो, खालची ओळ पट्टीवर टेकवून वर चढत जातो आणि ग्राउटचा रंग चित्रातल्या रस्त्याच्या रंगाशी जुळवतो. राखाडी ग्राउट भरले तर डांबरी रस्त्यावरचा सांधा जवळजवळ दिसत नाही. हा निर्णय कॅटलॉगमध्ये नसतो, घरमालकाच्या लक्षात येत नाही, आणि त्याने चित्र निम्मे सुधारते. मी तर म्हणेन की धाटाव-कोलाड पट्ट्यातल्या भिंतींवर टाइलकलेची जी काही खरी अक्कल दिसते ती या मिस्त्रींच्या हातात दिसते.

सार्वजनिक जागेतली आपली टाइलकला कोणती, असे कुणी विचारले तर उत्तर जिन्याच्या कोपऱ्यातल्या देवांच्या टाइल्स हेच द्यावे लागेल. गणपती, साईबाबा, मक्का आणि क्रूस एका ओळीत, पान खाऊन थुंकणाऱ्यांना अडवण्यासाठी. चित्राने माणसाचे वर्तन इतके तातडीने बदलल्याचे दुसरे उदाहरण समकालीन कलेत शोधावे लागेल. थट्टा बाजूला ठेवली तरी त्यात एक गोष्ट सिद्ध होते: टाइल टिकते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात सरकारी भिंतींवर रंगवलेली स्वच्छतेची, झाडे लावण्याची, किल्ल्यांची चित्रे दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे होऊन गळतात आणि पुन्हा रंगवण्याचे टेंडर निघते. भाजलेल्या टाइलला तो पाऊस काही करत नाही. कोकणात भिंतीवर चित्र हवे असेल तर ते भट्टीतूनच यायला हवे, हे हवामानानेच सांगून ठेवले आहे. एस. टी. स्टँड, रेल्वे स्टेशन, घाटमाथ्यावरची विश्रांतीस्थाने, जिल्हा परिषदेच्या शाळा: जागांची वाण नाही.

आणि सह्याद्री टाइलसाठी अनुकूल आहे. आल्प्सचे डोंगर त्रिकोणी, टोकदार. त्यांच्या तिरक्या कडा चौकोनी जाळीशी सतत भांडतात. सह्याद्री थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरले, आणि झिजताना ते पायऱ्यापायऱ्यांनी झिजले. वरंध्यात किंवा ताम्हिणीत समोरच्या डोंगराकडे पाहा: कातळाची काळी पट्टी, मग गवताची पट्टी, पुन्हा कातळ. टाइलचा आडवा सांधा त्या पट्टीवर बसवला तर तो सांधा राहणार नाही, थर होईल. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे धबधबे उभे. त्यांना उभा सांधा मिळतो. उरतो रस्ता, तो एकटाच तिरका. आडवे थर, उभे पाणी आणि या दोघांना कापत चढणारी वाट, ही घाटाची भूमिती आहे, आणि ती टाइलच्या जाळीवर जणू आखूनच मिळाली आहे. शिवाय कातळाचा काळा आणि तांबड्या मातीचा तांबडा हे दोन्ही लोखंडाचे रंग, भट्टीला आवडणारे. हट्टी काय तो हिरवा.

शाळेतल्या चित्रकलेने मात्र आपल्या डोळ्यांत दोन त्रिकोण आणि मधला सूर्य असा काही बसवला आहे की थरांचा डोंगर समोर असूनही हात त्रिकोणच काढतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यांच्या हातून हे काढून टाकणे सोपे नाही. पण हात शोधायला फार लांब जावे लागत नाही. धाटावपासून नागोठण्यावरून पुढे गेले की पेण. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीच्या मूर्ती रंगवणारे जे हात आहेत, त्यांनी केलेली डोळ्यांची आखणी ज्याने पाहिली असेल त्याला ब्रशच्या एका ओढीत काय असते हे सांगायला नको. बाहुलीची गोलाई, भुवईचा उतार, पापणीचा काठ: एकही रेघ दुसऱ्यांदा ओढलेली नसते. वळणदार रस्ता एका श्वासात काढायचा तर असाच हात लागतो. त्याच तालुक्यात टाइलची भट्टी उभी राहिली. या दोन गोष्टी इतक्या जवळ असून रंगवलेली टाइल पेणमधून निघाली नाही, ही माझ्या मते या सगळ्या पाहणीतली सर्वांत चुटपुट लावणारी बाब.

ती गाठ पडणे अशक्य नाही, पण सोपेही नाही, आणि उत्साहाच्या भरात सोपे समजणाऱ्यांनी पुष्कळ चांगल्या योजना बुडवल्या आहेत. मूर्तीवरचा रंग जसा लावला तसा दिसतो. ग्लेझवरचा रंग भट्टीतून निघेपर्यंत खोटे बोलतो. कोबाल्टचे ऑक्साइड लावताना काळे दिसते, कार्बोनेट जांभळट. निळे होते ते आगीनंतर. ज्याचा डोळा वर्षानुवर्षे समोरच्या रंगावर विसंबून आहे, त्याला न दिसणाऱ्या रंगाने रंगवायला शिकणे म्हणजे धंदा नव्याने शिकणे. तयार पांढरी टाइल घेऊन तिच्यावर रंगवून साडेसातशे-आठशे अंशांवर पुन्हा भाजणे हा सोपा मार्ग. त्याला विजेची छोटी भट्टी पुरते. पण त्या रंगाला ऊनपावसाची सवय कमी, घासला तर जातो. बाहेरच्या भिंतीसाठी रंग ग्लेझच्या खाली किंवा कच्च्या ग्लेझवर घालून हजार अंशांपलीकडे न्यावा लागतो, आणि तिथे पहिल्या भट्ट्या फुकट जाणार हे धरूनच चालावे लागते. मूर्तिकाराचा गणेशोत्सवापर्यंतचा काळ बांधलेला असतो. मोकळा वेळ गणपती गेल्यानंतरचा. प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दलच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून हा व्यवसाय अस्वस्थ आहे आणि नवे काही करून पाहायला कदाचित तयारही. पण ‘कौशल्य विकास’ म्हणून आठवड्याचे शिबिर घेऊन, प्रमाणपत्रे वाटून हे होणार नाही. कुणीतरी काम द्यायला हवे. पिन्यांवच्या पटांमागे आधी मागणी होती, मग हात.

काम देणाऱ्याने एक पथ्य पाळावे: फोटो देऊ नये. फोटोत घाट नेहमी वरून दिसतो, ड्रोनने काढल्यासारखा, आणि वरून पाहिले की घाट म्हणजे नुसती सुबक नक्षी उरते. घाटातून जाणाऱ्याला तो तसा कधीच दिसत नाही. त्याला दिसते पुढचे एक वळण, डाव्या हाताचा कापलेला कातळ, उजवीकडे चुना फासलेले कठड्याचे दगड, कणसे आणि करवंदे घेऊन बसलेल्या बायका, कठड्यावरची माकडे, दरडीवर ताणलेली लोखंडी जाळी, आणि अचानक उघडणारी दरी. हे सगळे एका चित्रात बसवायचे तर नजरेला वेगवेगळ्या जागी उभे राहावे लागते. आपल्या पोथीचित्रांना, चित्रकथींना ही विद्या होती. पिंगुळीच्या चित्रकथीत एका पानावर प्रसंग कसे शेजारी बसतात ते पाहावे. बारा टाइल्स म्हणजे बारा नजरा असे धरले, तर रस्ता सलग ठेवून प्रत्येक टाइलवर वेगळे ठिकाण उभे करता येईल, आणि डच कारागिराची एकटी टाइल आणि पोर्तुगिजाची अख्खी भिंत या दोहोंचा मेळ बसेल.

कोणता घाट निवडावा याबद्दल माझे मत लोकांना पटेल असे नाही. बोरघाटाला इतिहास आहे, पण १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला गेला आणि उरलेला घाट द्रुतगती मार्गाने इतका व्यापला आहे की चित्रात काँक्रीटच जास्त येईल. सुकेळीची खिंड महामार्गाच्या रुंदीकरणात उघडी पडली. वरंधा फार मोठा. त्याला स्टेशनच्या भिंतीएवढी जागा लागेल. ताम्हिणीवर सगळ्यांचे प्रेम आहे, म्हणूनच तो सुरुवातीला नको. तिथे हिरव्याशिवाय गत्यंतर नाही आणि हिरवा अजून आपल्या हातात नाही. रोहा-नागोठणे रस्त्यावरची भिसे खिंड मात्र लहान आहे, तिच्यात भव्य देखावा नाही, झाडीतून वळत जाणारी वाट आहे, आणि या भागातला माणूस तिला एका टाइलवरूनही ओळखेल. ती फेब्रुवारी-मार्चमधली काढावी. गवत वाळून पिवळे, पाने गळालेली, माती तांबडी, कातळ काळा: सगळे भट्टीला झेपणारे रंग. पावसाळ्यातली भिसे खिंड त्याच हातांना दोन-तीन वर्षे भट्टीचा सराव झाल्यावर, तांबे आणि क्रोमचे हिरवे आपापल्या ग्लेझमध्ये पारखून घेतल्यानंतर.